मेलेल्या मुलाला उठवणारी आई

मुलाने घरी ठेवलेल्या फणीतून रक्त ओघळू लागते आणि आईला कळते, लेमिनकाइनेन गेला. फिनलंडच्या ‘कालेवाला’ या महाकाव्याचा १५वा सर्ग इथून वेग घेतो.

मुलाला शोधताना ती झाडाला विचारते, वाटेला विचारते, चंद्राला विचारते. ज्याला त्याला आपलेच दुःख: झाडाला कुऱ्हाडीचे, वाटेला तुडवले जाण्याचे, चंद्राला थंडीतल्या एकाकी रात्रींचे. खरे काय ते सूर्य सांगतो. या काव्यात एका ओळीतला अर्थ पुढच्या ओळीत नव्या शब्दांत पुन्हा येतो. एरवी ती गाण्याची रीत. इथे मात्र तीच आईची चिकाटी होते. शोकाचे वर्णन फारसे नाही, तरी तो ऐकू येत राहतो.

पुढे ती लोहाराकडून लांब दाताळे घडवून घेते आणि मृत्यूच्या नदीतून मुलाचे तुकडे ओढून काढते. कावळा म्हणतो, यातून आता माणूस व्हायचा नाही. ती ऐकत नाही. हाडाला हाड, शिरेला शीर जुळते. देह पुरा होतो, पण वाचा येत नाही. शेवटी मधमाशीने थेट स्वर्गातून आणलेल्या लेपाने तो जागा होतो.

हे काव्य जुळवणारा एलियास लोनरोट हा खेड्यातल्या शिंप्याचा मुलगा, पेशाने डॉक्टर. १८०९पर्यंत फिनलंड स्वीडनकडे होता, मग रशियाकडे गेला. शिकलेले लोक लिहीत ते स्वीडिशमध्ये. लोनरोटने मात्र कारेलिया या प्रदेशातल्या गायकांकडून गाणी टिपून घेतली, १८३५मध्ये पहिली आवृत्ती काढली आणि १८४९मध्ये ती ५० सर्गांपर्यंत वाढवली. पुढे १८७०मध्ये अलेक्सिस किवीची ‘सात भाऊ’ ही फिनिश कादंबरी आली. तिच्यातले दांडगट भाऊ अक्षरओळखीशीच झगडतात. गाण्यातून आलेले साहित्य आता वाचणाऱ्यांचे होऊ लागले होते.

लोनरोटने गाणी नुसती गोळा केली, असे अजूनही म्हटले जाते. पण गायकांच्या काही पाठांत लेमिनकाइनेन उठतच नाही. तिथे कावळ्याचेच खरे ठरते. लोनरोटने आईला जिंकवले. ओळी लोकांच्या असल्या तरी हा निर्णय कवीचा आहे, आणि फिनिश साहित्याच्या इतिहासात लोनरोटची जागा संग्राहकांच्या आधी कवींमध्ये आहे.