राखण आणि निष्ठा : मॅकिंटॉशच्या पुस्तकाकडे आज कसं पाहायचं?

(सोमेश्वरनगर येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



आज आम्ही एका पुस्तकाबद्दल बोलणार आहोत. पुस्तक इंग्रजी आहे, जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीचं आहे, आणि आपल्यातल्या फारच थोड्यांनी ते हातात घेतलं असेल. पण त्यातला मुलूख आपला आहे. इथून मोरगाव, जेजुरी, सासवड अशी वाट धरली की आपण पुरंदरच्या पायथ्याला पोचतो. त्या पायथ्याच्या भिवडी गावात १७९१ साली उमाजी नाईक जन्मले. त्यांना ज्या कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉशच्या मोहिमेने पकडलं, त्यानेच पुढे रामोशी जमातीवर आणि उमाजींच्या आयुष्यावर पुस्तक लिहिलं. ते १८३३ साली मुंबईत छापलं गेलं. उमाजींना पुण्यात फाशी झाली ती ३ फेब्रुवारी १८३२ ला. म्हणजे फाशी आणि पुस्तक यांत फार अंतर नाही.

हा विषय का घेतला, ते आधी सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही एका जयंतीच्या कार्यक्रमात भाषण केलं. रामोशी म्हणजे इमानी जमात, महाराजांच्या काळापासून गडांची राखण करणारी, जीव देईल पण धन्याला दगा देणार नाही, असं सगळं बोललो. टाळ्याही पडल्या. खाली उतरल्यावर एक म्हातारे गृहस्थ जवळ आले आणि म्हणाले, "इमानाचं लई सांगितलंत गुरुजी, पर घेण्यादेण्याचं कायबी बोलला नाय." आम्ही हसून वेळ मारून नेली. पण ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. मग मॅकिंटॉश पुन्हा काढला, आणि या वेळी 'इमान' शोधण्याऐवजी 'घेणंदेणं' शोधत वाचला. आजचं बोलणं त्या वाचनातून आलेलं आहे.

आधी पुस्तकाला त्याचं श्रेय देऊ या. मॅकिंटॉश हा मद्रासच्या फौजेतला अधिकारी. त्याने रामोश्यांची कुळं लिहून ठेवली, चालीरीती लिहिल्या, खंडोबाच्या भंडाऱ्यावर हात ठेवून शपथ कशी घेतात ते लिहिलं, आपसात बोलायची गुप्त बोली असते तिचे शब्द टिपले. जमातीतल्या कुणी त्या काळात स्वतःबद्दल लिहून ठेवलेलं आपल्या हाती नाही, त्यामुळे आज अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाला या पुस्तकाकडे यावंच लागतं. हे मान्य करून पुढे जायचं.

आता अडचण बघा. उमाजी पकडले गेले १५ डिसेंबर १८३१ ला, भोरजवळ उत्रोलीला. तिथून फाशीपर्यंत जेमतेम पन्नास दिवस. या दिवसांत कैद्याकडून जे ऐकलं, ते पुस्तकाच्या चरित्रभागाचा मोठा आधार आहे. ऐकणारा कोण, तर ज्याच्या मोहिमेने पकडलं तोच. सांगणारा कोण, तर ज्याच्या मानेवर दोर आहे तो. असा माणूस काय सांगेल, काय लपवेल, कुणाला वाचवण्यासाठी कुणाचं नाव घेईल? हे प्रश्न मॅकिंटॉश फारसे विचारत नाही. दुःख याचं आहे की आम्हीही विचारत नाही. उमाजींपुढे शिवाजी महाराजांचा आदर्श होता, हे वाक्य या पुस्तकाच्या हवाल्याने आपल्या भाषणांतून हमखास येतं. तेवढी सोयीची ओळ आपण उचलतो, आणि त्याच लेखकाने जमातीला स्वभावानेच लुटारू ठरवलं की ते इंग्रजाचं कारस्थान म्हणून सोडून देतो. एकाच साक्षीदाराचं आवडतं तेवढं खरं आणि नावडतं तेवढं खोटं, असं वाचन कामाचं नाही.

मग कसं वाचायचं? आम्ही म्हणतो, राखणीपासून सुरुवात करा.

जुन्या गावगाड्यात रामोशी हा रखवालदार. रात्री गस्त घालायची, परका माणूस गावात आला तर पाटलाला कळवायचं, आणि चोरी झाली तर माग काढायचा. मागाची रीत मोठी पक्की होती. चोराच्या पावलाचं माप घ्यायचं आणि पाऊल जिकडे जाईल तिकडे जायचं. माग शिवेपलीकडे गेला की पुढच्या गावाच्या रखवालदाराला तो दाखवून द्यायचा, मग जबाबदारी त्याची. माग जिथे हरवेल तिथल्या रखवालदाराने, नाहीतर त्या गावाने, चोरीची भरपाई करायची. या कामाचा मोबदला म्हणून धान्यातला वाटा, काही हक्क, काही ठिकाणी इनाम जमीन. गडाच्या घेऱ्यातल्या रामोश्यांचंही तसंच. गड राखायचा, आणि गडाच्या बाजूने हक्क घ्यायचे.

आता सांगा, यात रक्तातली निष्ठा कुठे आली? हा सरळ करार आहे, आणि बराच कडक करार आहे. आजच्या कुठल्या सुरक्षा कंपनीने चोरी झाल्यावर पदरचे पैसे भरल्याचं आम्ही तरी ऐकलेलं नाही. तो माणूस भरत होता. का? तर त्याचा हक्क पिढ्यान्‌पिढ्यांचा होता आणि तो टिकवायचा होता. भंडाऱ्याची शपथ खोटी नव्हती, श्रद्धा होतीच. पण त्या शपथेखाली धान्याचं पोतं आणि जमिनीचा तुकडा होता.

हा करार मोडला कुणी? आपण पटकन इंग्रजांचं नाव घेतो. अर्धं बरोबर आहे. पुरंदरच्या रामोश्यांकडून गडाची राखण गेली ती दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत, १८०३ च्या सुमाराला. म्हणजे पहिला घाव आपल्याच दरबाराचा. पुढे १८१८ ला पेशवाई गेली आणि इंग्रजांनी गडोगडची शिबंदीच मोडली. राखायला गड राहिला नाही, म्हणून पगार नाही, हक्क नाही. हातात शस्त्र आणि अंगात माग काढायची कला, एवढंच उरलं. ही कला दोन्हीकडे चालते. चोर पकडायला चालते, तशीच चोरी करायलाही.

पुढची गोष्ट आपण भाषणात सांगत नाही, आणि पुस्तकाचा खरा गाभा तिथेच आहे. १८२६-२७ मध्ये उमाजींच्या टोळीने सरकारला हैराण केलं. तेव्हा सरकारने काय केलं? १८२८ मध्ये माफी दिली, पगार सुरू केला, जमिनी दिल्या आणि डोंगरी मुलखाच्या बंदोबस्ताचं काम त्यांच्याचकडे सोपवलं. कालचा बंडखोर आज सरकारी रखवालदार! तिकडे खानदेशात जेम्स औट्रमने १८२५ मध्ये भिल्लांची पलटण उभी केली होती, तीही याच विचाराने. म्हणजे जमात जन्मजात गुन्हेगार आहे असं लिहिणाऱ्या सरकारला व्यवहारात पक्कं ठाऊक होतं की पगार आणि मान दिला तर हाच माणूस राखण करतो. १८३० च्या अखेरीस ती घडी मोडली, उमाजी पुन्हा डोंगरात गेले, आणि १८३१ च्या जाहीरनाम्यात सरकारची चाकरी सोडा, महसूल देऊ नका, असं लोकांना सांगितलं. मॅकिंटॉशच्या वृत्तांतात हे सगळे टप्पे क्रमाने येतात. फक्त त्यातून जो निष्कर्ष निघतो तो काढायला लेखक तयार नाही. कारण तो काढला असता तर दोष जमातीच्या स्वभावाकडून सरकारच्या धोरणाकडे आला असता. आमच्या मते पुस्तकाचा सगळ्यात मोठा दोष हाच. त्याची माहिती एक सांगते आणि त्याची विशेषणं दुसरंच सांगतात.

उमाजींना पकडून देण्यात त्यांच्याच ओळखीची माणसं होती. काळोजी आणि नाना ही नावं आजही फितूर म्हणून घेतली जातात. इनाम जाहीर झालेलं होतं, रोख आणि जमीन. आम्ही त्या दोघांचं समर्थन करत नाही. पण विचार करा, ज्या जमातीची इनामं गेली तिच्यातल्या माणसापुढे इनामाचीच जमीन धरली होती. आमिष म्हणून तीच वस्तू निवडली, जी काढून घेतली होती.

जरा आजचा व्यवहारही आठवा. इंग्रजांच्या काळात पुण्यात, कँपात, बंगल्यावर रामोशी ठेवायची पद्धत होती. हॉब्सन-जॉब्सन या १८८६ च्या कोशात या शब्दाची नोंद आहे, इतका तो साहेबांच्या तोंडी बसला होता. साहेब कुरकुर करत की रामोशी ठेवला नाही तर चोरी होते, म्हणजे ही एक खंडणीच. कुरकुरीत तथ्य असेलही. पण महसूल घेणारं प्रत्येक सरकार काय सांगतं? आम्हाला द्या, आम्ही राखू. राखण आणि खंडणी यांच्यामधली शीव कुणी आखायची, एवढाच प्रश्न असतो, आणि ती नेहमी बलवान आखतो.

आता आपल्या बाजूच्या साहित्याकडे येऊ. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांनी बंड उभारलं तेव्हा त्यांच्याबरोबर लढले ते मुख्यतः रामोशी. दौलतराव नाईक त्यात मारले गेले. फडक्यांनी आत्मवृत्त लिहून ठेवलं, आणि त्यात रामोश्यांबद्दल नाराजीचा सूर आहे: यांचं लक्ष लुटीकडे, देशाकडे नाही. फडक्यांचा त्याग मोठा, त्याबद्दल दुमत नाही. एडनच्या तुरुंगात १८८३ मध्ये त्यांचा अंत झाला. तरीही त्यांच्या या तक्रारीशी आम्ही सहमत होऊ शकत नाही. फडके पुण्यात लष्करी हिशेबाच्या कचेरीत पगारावर होते, तो पगार सोडून आले. बरोबरच्या माणसाकडे सोडायलाच काही नव्हतं. त्याच्या घरी चूल पेटायची तर लुटीतला वाटा हवा. मॅकिंटॉश साहेब आणि फडके क्रांतिकारक, दोघांची टोकं वेगळी, पण रामोश्याने निष्ठा फुकट द्यावी ही अपेक्षा दोघांची एकच दिसते. आणि आज आम्ही दोन्ही फलकांवर 'आद्य' लिहितो, फडक्यांच्याही आणि उमाजींच्याही. आद्य कोण यावर भांडायला आमच्याकडे वेळ आहे, दौलतरावांच्या घरच्यांचं पुढे काय झालं हे विचारायला नाही.

हे फक्त आपल्याकडेच झालं असं समजू नका. दक्षिण आफ्रिकेत सॅन लोक आहेत, बाहेरचे त्यांना बुशमन म्हणत. शिकारी जमात, माग काढण्यात तरबेज. अंगोलात पोर्तुगीजांनी त्यांना फौजेत घेतलं. १९७५ च्या सुमाराला पोर्तुगीज गेले, तेव्हा दक्षिण आफ्रिकेच्या गोऱ्या सरकारच्या सैन्याने त्यातल्या अनेकांना नामिबियाच्या लढाईत वापरलं. भोवतीच्या काळ्या समाजाच्या नजरेत ते शत्रूचे माणूस झाले. १९९० मध्ये नामिबिया स्वतंत्र झाला आणि सूडाच्या भीतीने हजारो सॅन, बायका-मुलांसह, किंबर्लीजवळ श्मिड्‌सड्रिफ्टला आणून ठेवले. तिथे लष्करी तंबूंत त्यांची अनेक वर्षं गेली. त्यांच्याबद्दलही तेच बोललं गेलं: कुणी इमानी म्हणालं, कुणी गद्दार. पोटासाठी बंदूक घेतली होती, हे सांगणारा आवाज बारीकच राहिला.

विशेषणं नुसती पुस्तकात राहत नाहीत, म्हणून हे बोलावं लागतं. १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आला, १९११ मध्ये तो मुंबई इलाख्यापर्यंत पसरला, आणि १९५२ मध्ये स्वतंत्र भारताने तो रद्द केला. आज राज्याच्या यादीत रामोशी आणि बेरड विमुक्त जातींत आहेत. विमुक्त म्हणजे त्या कायद्यातून सुटलेले. पण सुटले का? आमच्या माहितीतला याच पट्ट्यातला एक मुलगा पुण्यात एका सोसायटीच्या गेटवर उभा असतो. बारा तासांची पाळी, पगार ठेकेदाराच्या हातून. सोसायटीत चोरी झाली, तेव्हा पहिल्यांदा चौकीत बसवला तो यालाच. आडनाव विचारलं, गाव विचारलं, आणि मग मान डोलावली म्हणे. चोर निघाला दुसराच. माफी कुणी मागितली नाही. त्या मान डोलावण्यात मॅकिंटॉशच्या पुस्तकाचा अंश आहे. आणि खरं सांगायचं तर आमच्या त्या जयंतीच्या भाषणाचाही आहे. कारण 'रक्तातच इमान आहे' म्हणणारा आणि 'रक्तातच चोरी आहे' म्हणणारा, दोघेही गोष्ट रक्तावरच नेतात.

आपल्या राज्यात खासगी सुरक्षा रक्षकांसाठी १९८१ पासून कायदा आहे, मंडळ आहे. त्या मुलाला त्याची माहिती नव्हती. जयंतीला येणाऱ्या वक्त्यांनी उमाजींच्या घोड्याचं आणि तलवारीचं वर्णन जरूर करावं, पण पाच मिनिटं या कायद्यालाही द्यावीत, अशी आमची विनंती आहे.

मॅकिंटॉश वाचा. कुणीतरी त्याची नीट टिपांसह मराठी आवृत्ती काढावी, कॉलेजातल्या मुलांनी ते काम हाती घ्यावं. वाचताना विशेषणं बाजूला ठेवा आणि प्रत्येक पानावर विचारा: कोण राखत होता, कुणासाठी, आणि त्याला काय मिळत होतं? त्या म्हाताऱ्या बाबांचा प्रश्नही तोच होता. त्यांना तेव्हा उत्तर दिलं नाही, ते आज इथे दिलं. उशीर झाला, पण दिलं.