सणाचे पान आणि ‘म्हणे’

पहिल्या इयत्तेत इतिहास नावाचा विषय नसतो. तो सणाच्या वेषात भाषेच्या तासाला येऊन बसतो, आणि आला हे बहुधा कोणाच्या ध्यानातही येत नाही. गणेशचतुर्थी जवळ आली की गणपतीचे चित्र रंगवावयाचे, त्याखालची दोन वाक्ये वाचावयाची, गाळलेला शब्द भरावयाचा. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या पायाभूत टप्प्याच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने तीन ते आठ हे वय एकत्र धरले, गोष्ट, गाणे व खेळ यांना मान दिला आणि शिकवणे होता होईल तो घरच्या भाषेतून व्हावे असे सांगितले. ही दिशा आम्हांस मान्य आहे. आमची तक्रार आहे ती त्या पानावरील क्रियापदांविषयी.

नल्लकुंट्यात आमच्या शेजारी पहिलीत जाणारी एक मुलगी राहते. 2024 साली अनंत चतुर्दशी नेमकी 17 सप्टेंबरला आली, त्यामुळे त्या आठवड्यात तिच्या दप्तरातून दोन पाने निघाली. पहिल्यावर इंग्रजीत एक वाक्य होते. त्याचा अर्थ, टिळकांनी गणेशोत्सव सुरू केला. मुलीने विचारले, “मग त्याच्या आधी गणपती बसवत नव्हते?” इतकी नेमकी उलटतपासणी आम्ही कोर्टातही क्वचितच ऐकली आहे. घरचा गणपती फार जुना. टिळकांनी 1893 पासून सार्वजनिक उत्सवाला बळ दिले, एवढे सहा वर्षांच्या मुलास खुशाल सांगता येते. सोपे क्रियापद हवे म्हणून ‘सुरू केला’ घातले गेले, आणि वाक्य सोपे होता होता खोटे झाले.

दुसरे पान अधिक अवघड होते. वर तिरंगा, खाली ‘आज अमुक दिन आहे’ अशा अर्थाचे वाक्य, आणि ‘अमुक’च्या जागी रेघ. 13 सप्टेंबर 1948 रोजी हिंदी सैन्य हैदराबाद संस्थानात शिरले व 17 तारखेस निजामाने शरणागती दिली. या दिवसाला महाराष्ट्रात मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणतात. केंद्र सरकारने 2024 च्या मार्चमध्ये हैदराबाद मुक्तिदिन हे नाव अधिसूचित केले. तेलंगण सरकारने 2022 साली राष्ट्रीय एकात्मता दिन म्हटले, आणि सरकार बदलल्यावर 2024 साली प्रजापालन दिन. आता त्या रेघेवर मुलीने काय लिहावे? रझाकारांनी गावोगाव केलेला छळ खरा आहे. कारवाईनंतर मराठवाड्यात व इतरत्र मुसलमानांची मोठी हत्या झाली, हेही पंडित सुंदरलाल समितीच्या अहवालात नोंदलेले आहे; तो अहवाल कित्येक वर्षे दडून होता. यांतले काहीही पहिलीच्या मुलास सांगावे असे आम्ही म्हणत नाही. पण पान तयार करणाऱ्यास ते ठाऊक असते, तर एका शब्दाची रेघ त्याने आखली नसती.

मग पहिलीत इतिहासाचे काय शिकवावे? आमच्या मते सनावळी नको, नाव नको. पाहिलेले कोणते आणि ऐकलेले कोणते, एवढा भेद पुरे. 1872 च्या पुरावा कायद्याचे साठावे कलम हेच सांगत असे: ज्याने पाहिले त्यानेच पाहिले म्हणून सांगावे. (तो कायदा 1 जुलै 2024 पासून गेला, तत्त्व नव्या कायद्यातही राहिले.) आणि आमच्या भाषेने तर हे कलम बोलण्यातच घालून ठेवले आहे. ‘राजा आला’ आणि ‘राजा आला म्हणे’ यांतला फरक मराठी मूल शाळेत जाण्याआधीच जाणते. कोंकणी मुलापाशी त्यासाठी ‘खंय’ आहे. इंग्रजी पानाला ही सोय एका शब्दात साधत नाही. घरची भाषा वर्गात आणावी, ती यासाठी.

दिवाळीचेच पाहा. गोव्यात नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री नरकासुराचे पुतळे उभे राहतात व पहाटे जाळले जातात; महाराष्ट्रात त्याच दिवसांत मुले अंगणात मातीचा किल्ला रचतात. नरकासुराची कथा ‘म्हणे’ लावून सांगावी, त्याने तिची गोडी तसूभरही कमी होत नाही. रायगडावर 1674 साली राज्याभिषेक झाला हे ‘म्हणे’वाचून सांगावे. एका सणाची दोन वाक्ये मुलांकडून वदवून घेतली, तर भाषेचा तासही झाला आणि इतिहासाचाही. त्यासाठी छापील पान लागत नाही, वाटल्यास थोडी माती लागते.

शेजारच्या मुलीची पणजी नांदेडकडची. 1948 साली ती जवळजवळ या मुलीएवढीच होती. तिला आम्ही समोर बसवले व मुलीला म्हटले, आता तूच विचार. पणजी म्हणाली, “दाराला अडसर घातला होता. दिवा बारीक केला होता. आई बोलू देत नव्हती. वेशीपाशी रझाकार आले होते म्हणे.” दिवा तिने पाहिला होता, रझाकार पाहिले नव्हते, कोणी न शिकवता तिने ते वेगळे ठेवले. त्या दिवसांत जी मुले सहा वर्षांची होती, ती आता ऐंशी ओलांडून गेली आहेत. असे साक्षीदार यापुढे फार वर्षे मिळणार नाहीत, आणि शाळा त्यांच्या नातवंडांना रेघा भरावयास देत आहेत.

मुलीने पानाच्या मागच्या बाजूस मराठीत लिहिले, ‘पणजीच्या घरी दिवा बारीक केला होता.’ पुढची रेघ कोरीच राहिली. पान तपासून परत आले, तेव्हा त्या रेघेवर लाल शाईचे प्रश्नचिन्ह होते. मागची बाजू कोणी पाहिलेली दिसली नाही.