प्रभावळ नसलेली वसाहत

लसूणघासाचं रोप अलगद उपटून मुळं धुतली, की त्यांवर लांबट गाठी दिसतात. नीट काम करणारी गाठ नखाने फोडली तर आत गुलाबी रंग असतो. तिथे रायझोबियम हवेतला नत्र रोपासाठी बांधत असतो. मात्र गाठीच्या आत शिरकाव व्हायला या जिवाणूला स्वतःच बनवून बाहेर सोडलेली एक साखर लागते. तिचं नाव सक्सिनोग्लायकन. सात ग्लुकोज आणि एक गॅलॅक्टोज, अशी आठांची कडी पुन्हापुन्हा जोडत तिची साखळी वाढते. या कडीला जागोजागी छोटे रासायनिक गट चिकटलेले असतात, त्यांतला एक सक्सिनिल.

या साखरेचं मोल ज्या प्रयोगाने कळलं, तो मला फार देखणा वाटतो. 1985 साली अमेरिकेत ली, सायनर आणि वॉकर यांनी जिवाणूंच्या खाद्यात कॅल्कोफ्लोर नावाचं रंगद्रव्य मिसळलं. अतिनील प्रकाशात साखर बनवणाऱ्या वसाहती चमकतात. यांनी निवडल्या त्या न चमकणाऱ्या! लसूणघासाने त्यांच्यासाठीही गाठी केल्या, पण त्या पोकळ निघाल्या. जिवाणूची हाक मुळाला ऐकू गेली होती, घरही बांधून झालं होतं. राहायला मात्र कुणी आलंच नाही.

दोन वर्षांनी वॉकर यांच्या गटाने याहून नाजूक गोष्ट टिपली. काही वसाहती चमकत होत्या, पण निरोगी वसाहतीभोवती पसरणारी तेजाची प्रभावळ त्यांना नव्हती. त्यांची साखर तयार होत होती, फक्त सक्सिनिल गट गळला होता. तेवढ्यानेही आत शिरणं फसलं. केसासारख्या मूलरोमातून जिवाणूला आत नेणारी नळी मध्येच थबकते. एवढ्याशा गटावर सगळं अडावं, हे मला आजही थक्क करतं.

लोटस जपॉनिकस या दुसऱ्या शेंगवर्गीय वनस्पतीत तर आणखी विलक्षण प्रकार आहे. तिच्या जिवाणूची साखर पुरती नाहीशी केली, तरी गाठी बऱ्यापैकी भरतात. अर्धवट तुटकी साखर ठेवली, तर दार बंद होतं. 2015 मध्ये डेन्मार्कच्या ऑरहूस विद्यापीठातल्या संशोधकांनी ही साखर ओळखणारं प्रथिन शोधलं, ‘ईपीआर 3’. रोपातून ते काढून टाकलं, तेव्हा तुटक्या साखरेच्या जिवाणूलाही वाट मिळू लागली.