देहघड्याळ आणि संगणकाची कुलूपकिल्ली

मेलाटोनिनच्या ग्राहीवर बसणारे नवे रेणू संगणकाच्या साहाय्याने शोधून त्यांच्यायोगे देहघड्याळाची लय बदलता येते, असे दाखविणारा एक निबंध २०२० साली 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सॅन फ्रान्सिस्को, नॉर्थ कॅरोलायना व बफेलो येथील विद्यापीठांतील संशोधकांचे हे संयुक्त कार्य होय. संगणकीय औषधशोधाचा नमुना म्हणून त्याचा गौरव होतो आणि तो अनाठायी नाही. परंतु हा गौरव नेमका कशाचा, याची छाननी होणे आवश्यक आहे.

मेलाटोनिन हे द्रव्य ॲरन लर्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ साली वेगळे केले. रात्री पिनियल ग्रंथीतून स्रवणारे हे द्रव्य एमटी-१ व एमटी-२ या दोन ग्राहींच्या द्वारे मेंदूतील मुख्य घड्याळास अंधाराची वार्ता पोचविते. ग्राहींची त्रिमितीय रचना २०१९ साली क्ष-किरण लेसरच्या योगे उलगडली. तीत एक चमत्कारिक गोष्ट आढळली. एमटी-१ च्या पोकळीचे तोंड पेशीच्या बाहेरील अंगास जवळजवळ मिटलेले असून, रेणूला आत शिरावयाचे ते पेशीपटलातून, बाजूच्या अरुंद वाटेने शिरावे लागते, असे त्या रचनेवरून दिसते.

या पोकळीत संशोधकांनी १५ कोटींहून अधिक रेणू संगणकावर बसवून पाहिले. त्यांपैकी बहुतेक रेणू कोणत्याही बाटलीत नव्हते; मागणी केल्यास तयार करून मिळतील, एवढेच त्यांचे अस्तित्व. बसणी चांगली हवी आणि ठेवण पूर्वपरिचित औषधांहून निराळी हवी, या दोन कसोट्या लावून अखेर ३८ रेणू प्रत्यक्ष घडविण्यात आले. त्यांतून जे क्रियाशील निघाले, त्यांचे सामर्थ्य ४७० पिकोमोलरपासून ६ मायक्रोमोलरपर्यंत, म्हणजे सुमारे बारा-तेरा हजार पटींच्या अंतरात पसरलेले होते. पुढे सुधारणा करून केवळ एमटी-१ वर कार्य करणारे दोन रेणू हाती आले. ग्राहीस चेतविण्याऐवजी त्याची अंगभूत क्रियाही ते खाली आणतात. सोयीसाठी त्यांना येथे 'मंदक' म्हणू. एवढा भाग निःसंशय संगणनाच्या पदरात घालावा. ज्या ठेवणीचे रेणू रसायनज्ञाच्या मनातही आले नसते ते येथे गवसले.

खरी उत्कंठा येथून पुढे आहे. प्रकाश-अंधाराचे वेळापत्रक बदलल्यावर उंदरांचे घड्याळ त्याच्याशी कसे जुळते, हे पाहणाऱ्या प्रयोगात दोन्ही मंदकांनी मंदकांस साजेसेच वर्तन केले. परंतु उंदराच्या स्वतःच्या घड्याळाप्रमाणे सांजवेळ असताना तेच रेणू दिले, तेव्हा लय १.३ ते १.५ तासांनी अलीकडे सरकली. हा परिणाम चेतकाचा, म्हणजे खुद्द मेलाटोनिनसारखा होय. तो एमटी-१ नसलेल्या उंदरांत नाहीसा झाला आणि एमटी-२ नसलेल्यांत टिकून राहिला. तेव्हा ग्राही चुकला असे म्हणण्यास जागा उरत नाही. ही दुहेरी पारख निबंधातील सर्वांत भरीव भाग होय, असे आमचे मत आहे.

म्हणजे एकच रेणू, एकच ग्राही. पण एका प्रसंगी मंदकाचे वर्तन आणि दुसऱ्या प्रसंगी चेतकाचे. पोकळीत रेणू बसविण्याच्या गणितात वेळ नावाची राशीच नाही. त्या गणिताला सांज ठाऊक नाही, पहाटही नाही. बसलेला रेणू ग्राहीस चेतवील की मंदावील, हेदेखील नुसत्या बसणीवरून खात्रीने सांगता येत नाही. कुलूपकिल्लीची उपमा एमिल फिशर यांनी १८९४ साली दिली ती विकरांसाठी. येथे मात्र कुलूप प्रहराप्रहराला बदलते. याची जाणीव नवी नव्हे. मेलाटोनिन सायंकाळी घेतल्यास माणसाची लय अलीकडे येते आणि सकाळी घेतल्यास पलीकडे जाते, हे १९९२ पासून प्रसिद्ध आहे. लेखकांनी आपला अनपेक्षित निष्कर्ष प्रारंभीच्या सारांशातच नमूद केला, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे द्योतक. परंतु शीर्षकात आभासी शोध आणि लयीतील बदल शेजारी शेजारी बसल्यामुळे दुसऱ्याचे श्रेय पहिल्याकडे सहज वाहून जाते.

याउलट, २०१२ साली 'केएल-००१' हे द्रव्य सापडले ते सुमारे ६०,००० संयुगे जिवंत पेशींवर टाकून. तेथे पेशीला विचारलेला पहिलाच प्रश्न कालाचा होता: लयीचा आवर्तनकाल लांबला की आखडला? द्रव्य क्रिप्टोक्रोम या प्रथिनाशी जडते, हे मागाहून कळले. पद्धत श्रमाची, आणि तिचा आवाका १५ कोटींपुढे अगदीच तोकडा. पण घड्याळ तीत आरंभापासून चालू होते.

संगणनाला काल वर्ज्य आहे, असा मात्र याचा अर्थ नव्हे. गोल्डबेटर यांनी १९९५ साली फळमाशीच्या आणि लेलूप यांच्यासह २००३ साली सस्तन प्राण्यांच्या घड्याळाची समीकरणे मांडली. त्यांत अमुक घटकेला अमुक धक्का दिला तर लय कोठे जाईल, हे काढता येते. रेणू बसविणारे आणि समीकरणे सोडविणारे या निबंधात एकत्र आलेले नाहीत. शिवाय उंदीर निशाचर आहे; त्याची सांज म्हणजे दिनक्रमाचा आरंभ, आपली म्हणजे अखेर. हा निबंध मुळातून वाचू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने रेणूंच्या आकृत्या काही काळ बाजूस ठेवून प्रथम उंदरांच्या हालचालींच्या नोंदी पाहाव्यात.