रिकामा करंडक

पावसाळा उतरणीला लागला, की पुण्यातील कितीतरी घरांत एकच तक्रार ऐकू येते. चिरंजीव रात्री अकराला घरी येतात, जेवताना भलत्याच कुणाची तरी वाक्ये पुटपुटतात, आणि अभ्यासाचे विचारले तर ‘तालीम आहे’ एवढेच सांगतात. महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने १९६३ साली सुरू केलेल्या पुरुषोत्तम करंडक स्पर्धेचे हे दिवस. भरत नाट्य मंदिरात ‘आवाज कुणाचा?’ अशी आरोळी उठली, की चाळीस वर्षांपूर्वी तिथे हरलेला गृहस्थही खुर्चीत ताठ बसतो!

या स्पर्धेच्या इतिहासात २०२२ साली प्रथमच एक गोष्ट घडली. अंतिम फेरीनंतर परीक्षकांनी करंडक कोणालाच दिला नाही. एकही एकांकिका त्या मानाची वाटली नाही, असा त्याचा अर्थ. पुष्कळ चर्चा झाली. निकाल योग्य की कठोर, या वादात मी शिरत नाही. मला वाटते, तो निकाल खरोखर कोणाचा लागला, हे पाहायला हवे.

महाविद्यालयीन एकांकिकेचे गुण उघड आहेत. तिच्यात जीव ओतलेला असतो. गर्दीचा प्रसंग व्यावसायिकांनी हेवा करावा इतका बांधीव असतो. पण बहुधा पहिल्या वीस मिनिटांतच ध्यानात येते, की हे नाटक प्रेक्षकाशी बोलत नसून परीक्षकाला जिंकीत आहे. पात्रे माणसे न राहता मुद्दे होतात. शेवटचा धक्का आधी ठरतो आणि कथा मागाहून जुळविली जाते. गेल्या वर्षी जे गाजले, त्याची सावली यंदा पडते. हा दोष मुलांच्या बुद्धीचा नव्हे. वर्षभर जिथे नाटकाचा एक तासही नाही, तिथे महिना-दीड महिन्याच्या तालमीत दुसरे काय निपजणार? वर्ग न भरविता घेतलेली ही परीक्षा आहे.

वर्ग भरला म्हणजे काय होते, याचा दाखला दिल्लीस सापडतो. पुण्यातच जन्मलेले इब्राहिम अल्काझी १९६२ ते १९७७ या काळात राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक होते. अभिनय शिकायला आलेल्या मुलांना तिथे प्रकाशयोजना, वेशभूषा, नेपथ्य सारेच करावे लागे. ‘मेघदूत’ हा खुला रंगमंचही त्यांनी विद्यार्थ्यांना हाताशी धरून उभारला. शिस्त कडक, पण तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात चुकायला सवड असे. स्पर्धेत नेमकी तीच नसते.

म्हणून काय प्रत्येक मुलाने दिल्ली गाठावी? मुळीच नाही. जब्बार पटेल आणि मोहन आगाशे हे वैद्यकाचे विद्यार्थी. महाविद्यालयीन रंगमंचावरून आलेली ही मंडळी प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशनमध्ये एकत्र राहिली, वाचीत राहिली, भांडत राहिली. १९७२ च्या डिसेंबरात ‘घाशीराम कोतवाल’ उभे राहिले, आणि पुढच्याच वर्षी थिएटर अकॅडमी निघाली. स्पर्धा संपल्यावरही जो गट मोडला नाही, त्याच्या हातून हे झाले. करंडकाची खरी कमाई असते ती हा गट. चषक नव्हे.

आज निकालाच्या दुसऱ्या दिवशी बहुतेक गट पांगतात. जिंकलेला मालिकांकडे पाहतो, हरलेला परीक्षेकडे. दोघांनाही कोणी म्हणत नाही, ‘हेच नाटक पुन्हा करून पाहा, आता परीक्षक नाहीत.’ महाविद्यालयाने हे म्हणायला हवे. तालमीला एक खोली, ग्रंथालयात नाटकांचे एक कपाट आणि वर्षभर येणारा एक जाणता माणूस, एवढा तरी खर्च त्याने सोसावा. २०२२ चा तो निकाल या उणिवेचाही होता.

आणि घरच्यांनी? चिरंजीव उशिरा आले, तर ‘नंबर आला का?’ असे विचारू नये. ‘तू कोणाचे काम करतोस, आणि तो माणूस असा का वागतो?’ असे विचारावे. उत्तर देताना तो अडखळला, तर ताट जरा वेळाने वाढावे. त्याची खरी तालीम तिथेच सुरू झालेली असेल.