'आनंदी गोपाळ'मधील आनंदीबाई

श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' ही १९६८ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी आम्ही विद्यार्थीदशेत प्रथम वाचली, तेव्हा गोपाळरावांच्या जिद्दीनेच भारावून गेलो होतो. पुढे अध्यापनात हयात गेली. शिष्येस घडविणाऱ्या गुरूची ही कथा आम्हांस अधिकच प्रिय झाली. यंदाच्या उन्हाळ्यात नागपुरास घरी तिचे वाचन चालले असता आमच्या सूनबाईंनी विचारले, "मामंजी, यात आनंदीबाईंची स्वतःची इच्छा कोणती?" आम्हांस चटकन उत्तर सुचले नाही.

गोपाळरावांचे चित्रण हे या कृतीचे निर्विवाद यश होय. पत्नीस शिकविण्याच्या ध्यासाने झपाटलेला, तऱ्हेवाईक, प्रसंगी क्रूर असा हा टपालखात्यातील कारकून लेखकाने देवही केला नाही, दैत्यही नाही. परंतु विक्षिप्त पुरुषाच्या कृती सांगणे सोपे, अबोल मुलीचे मन उकलणे कठीण. म्हणून कथेचा प्रकाश वारंवार गोपाळरावांकडे वळतो, आणि आनंदीबाई त्यांच्या संकल्पाचे फळ भासू लागतात.

इतिहासाची साक्ष मात्र निराळी आहे. १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई नवव्या वर्षी विवाहित झाल्या, चौदाव्या वर्षी माता झाल्या, आणि ते मूल दहा दिवसांत गेले. ही वेदना कोणा गुरूने शिकविलेली नव्हती. १८८३ साली बंगालमधील श्रीरामपूर येथे भरसभेत उभे राहून, हिंदुस्थानास स्त्री-डॉक्टरांची निकड आहे आणि आपण हिंदू म्हणूनच परत येऊ, असे त्यांनी स्वमुखाने सांगितले. त्याच वर्षी त्या पतीवाचून समुद्रापार गेल्या. १८८६ साली त्यांनी फिलाडेल्फिया येथे एम. डी. पदवी मिळविली. प्रबंधास विषय निवडला तो प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा! सूनबाईंच्या प्रश्नाचे उत्तर या निवडीत नाही काय?

कोल्हापूरच्या रुग्णालयातील नेमणूक हाती असूनही, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावे वर्ष पुरे होण्यापूर्वीच, पुण्यास त्यांचा अंत झाला.

कादंबरी अवश्य वाचावी. ती मन हेलावून सोडते. मात्र तिच्या जोडीस काशीबाई कानिटकरांनी लिहिलेले आनंदीबाईंचे चरित्रही ठेवावे. गुरूचे श्रेय गुरूस द्यावे, पण शिष्येची इच्छा त्याच्या खाती जमा करू नये. हा दोष कादंबरीकारापेक्षा आमच्यासारख्या वाचकांचाच अधिक, हे कबूल करणे आम्हांस प्राप्त आहे.