आईची साक्ष

दलित आत्मकथनांवर लिहिताना आपले प्रस्थापित समीक्षक एक विशेषण हमखास वापरतात : दाहक. अनुभव दाहक आहे असे एकदा म्हटले, की त्यामागचा विचार तपासण्याची जबाबदारी संपते. मॅमी टिल-मोबली यांचे ‘डेथ ऑफ इनोसन्स’ हे आत्मकथन वाचताना मला ही पळवाट वारंवार आठवली. ख्रिस्तोफर बेन्सन यांच्या साहाय्याने लिहिलेले हे पुस्तक २००३ साली, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाले.

त्यांचा १४ वर्षांचा मुलगा एमेट १९५५ च्या ऑगस्टमध्ये शिकागोहून मिसिसिपीतील मनी या गावी नातेवाइकांकडे गेला. दुकानातील गोऱ्या बाईशी आगळीक केल्याचा ठपका ठेवून त्याला रात्री घरातून उचलून नेले. तीन दिवसांनी टॅलाहाची नदीत त्याचे प्रेत सापडले. गळ्याला काटेरी तारेने जिनिंगचा जड पंखा बांधलेला होता. प्रेत तिथेच घाईने पुरण्याचा बेत आईने थांबवला. शिकागोत त्यांनी शवपेटी उघडायला लावली आणि पायांपासून डोक्यापर्यंत देह न्याहाळून मुलगा ओळखला. मग पेटी लोकांसाठी उघडीच ठेवली. ‘जेट’ने छायाचित्रे छापली.

हा भाग विलाप म्हणून वाचणे म्हणजे तो न वाचणेच होय. कारण बचाव पक्षाने खटल्यात मुद्दा मांडला तो हाच, की प्रेत एमेटचे नाही. आईने कोर्टात उभे राहून ते आपल्याच मुलाचे असल्याचे सांगितले. बारा गोऱ्या पुरुषांच्या ज्यूरीने ६७ मिनिटांत दोन्ही आरोपींना सोडले. जानेवारी १९५६ मध्ये त्याच दोघांनी पैसे घेऊन ‘लुक’ या नियतकालिकात खुनाची कबुली दिली. पुन्हा खटला होणार नव्हता, म्हणून ही कबुली निर्भय होती.

आमच्या घरात अंगठ्याऐवजी सही करणारा मी पहिला. त्यामुळे कोणाचा शब्द पुरावा ठरतो, हा प्रश्न मला केवळ वाङ्मयीन वाटत नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत भय्यालाल भोतमांगे यांची पत्नी, मुलगी आणि दोन मुलगे मारले गेले. आरोपींना शिक्षा झाल्या. पण अ‍ॅट्रॉसिटी कायदा न्यायालयाने लागू धरला नाही. बापाला दिसलेली जात निकालपत्राला दिसली नाही.

पुस्तकाशी माझा एक वाद आहे. ख्रिस्ती श्रद्धेच्या आधाराने लेखिका मुलाच्या मृत्यूत ईश्वरी हेतू शोधतात. त्या श्रद्धेने त्यांना उभे केले, हे मान्य. परंतु एमेटने बलिदान दिले नाही. त्याचा बळी घेतला गेला. हेतू होता तो मारणाऱ्यांचा.

पुढे मॅमी शिकून शिक्षिका झाल्या, आयुष्यभर हा खून लोकांसमोर मांडत राहिल्या. एमेटच्या नावाचा लिंचिंगविरोधी कायदा अमेरिकेत २०२२ साली झाला. तो पाहायला त्या नव्हत्या. हे पुस्तक विद्यार्थ्यांच्या हाती देणाऱ्या शिक्षकाने ‘वाचून काय वाटले?’ एवढ्यावर थांबू नये. या बाईने काय सिद्ध केले, आणि ते कोणी नाकारले, हे विचारावे.